धारवाडची लीला आणि पडद्यावरची जोडी

गेल्या कोजागरीला दूध आटेपर्यंत मंडळाच्या आवारात गप्पा रंगल्या होत्या. टीव्हीवरच्या एका मालिकेतले नायक-नायिका खऱ्या आयुष्यातही लग्न करणार की नाही, यावरून आमच्या सुना-नातींमध्ये सरळ दोन तट पडले. एकीचे म्हणणे असे की ती त्याच्याकडे जशी बघते, तसे नुसत्या अभिनयाने बघता येत नाही. आम्ही निवृत्त मंडळी खुर्च्या टाकून बाजूला बसलो होतो आणि हसत होतो.

खरे तर आम्हाला हसण्याचा अधिकार नाही. आमच्यातल्याच एकाची आत्या होती. जन्म हुबळीचा, संसार सगळा धारवाडात. अशोककुमारने लीला चिटणीसशी लग्न करायला हवे होते आणि मनातून त्याने ते केलेच होते, अशी तिची शेवटपर्यंत ठाम समजूत होती. अशोककुमारला बायको आहे, मुले आहेत, असे घरात कोणी सांगितले तर ती ऐकून घेई आणि पुन्हा आपल्या जागी येई. ‘झूला’ तिने किती वेळा पाहिला असेल, याचा हिशेब नाही. गंमत अशी की ही लीला चिटणीस आपल्या धारवाडची, हे आत्याला ठाऊकच नव्हते. त्या रात्री मंडळात विचारले तेव्हा तिशीच्या आतल्या एकालाही ते ठाऊक नव्हते. म्हणून हे लिहायला घेतले.

लीलाबाईंचा जन्म ९ सप्टेंबर १९०९ चा, धारवाडचा. माहेरचे आडनाव नगरकर. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होते. कचेऱ्या, शाळा, रेल्वे या निमित्ताने आलेली मराठी घरे आणि इथली कन्नड घरे एकमेकांना लागून होती. आपल्यापैकी पुष्कळांचे पणजोबा-आजोबा असेच कुठल्या ना कुठल्या नोकरीच्या निमित्ताने इकडे आले आणि इथलेच झाले. नगरकरांच्या घरात इंग्रजी होते, कारण वडील इंग्रजी साहित्याचे प्राध्यापक. विचारांनी ते ब्राह्मो समाजाचे होते. जातपात न मानणाऱ्या त्या घरात मुलीने शिकायचे हे ठरलेलेच होते आणि लीलाबाई पदवीधर झाल्या. त्या काळी पदवीधर मुलीचे नाव वर्तमानपत्रात येई, हे लक्षात घेतले म्हणजे पुढचे नीट समजेल.

लग्न मात्र लवकर झाले, डॉ. गजानन यशवंत चिटणीस यांच्याशी. पतिपत्नी दोघेही स्वातंत्र्याच्या चळवळीच्या बाजूचे होते. मानवेंद्रनाथ रॉय यांना पोलीस शोधत होते, त्या दिवसांत या दांपत्याने त्यांना घरात आसरा दिला होता. पकडले गेले असते तर दोघांनाही तुरुंग ठरलेला. चार मुलगे झाले. पुढे संसार मोडला. तो का मोडला, कोणाचे किती चुकले, ही त्यांच्या घरातली गोष्ट. आपण त्यात शिरायचे कारण नाही. आम्ही एवढेच पाहतो की चार मुलांचा खर्च त्यांच्या अंगावर आला आणि त्या कमवायला बाहेर पडल्या. आधी शाळेत शिकवले. मग नाटक आणि मग सिनेमा.

नाटक तेव्हा कूस बदलत होते. मराठी रंगभूमीवर जोडीची हौस काही नवी नव्हती. बालगंधर्व भामिनी होत, गणपतराव बोडस लक्ष्मीधर होत, आणि प्रेक्षक जीव ओवाळून टाकत. पण शालू नेसलेला तो पुरुष आहे, हे थिएटरातल्या लहान पोरालाही ठाऊक असे. त्यामुळे नाटक सुटल्यावर त्या दोघांचे पुढे काय, असा प्रश्न कोणाला पडत नसे. १९३३ मध्ये नाट्यमन्वंतर संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगमंचावर आणले आणि त्यात बायकांची कामे बायकांनीच केली. मोठीच सुधारणा झाली ती. तिच्या पाठोपाठ प्रेक्षकाच्या नजरेत एक नवा प्रश्न मात्र आला: हिचे आणि ह्याचे खरोखर काही आहे का? लीलाबाई या संस्थेत आल्या आणि ‘उसना नवरा’ नावाच्या विनोदी नाटकात त्यांनी काम केले. नाव पाहा कसे होते. नटीला रोज संध्याकाळी नवरा उसना घ्यावा लागतो आणि खेळ संपला की परत करावा लागतो. प्रेक्षक ती देवघेव मान्य करायला तयार नसतो, एवढाच काय तो घोळ.

सिनेमात त्या थेट नायिका म्हणून उतरल्या नाहीत. गर्दीतली कामेसुद्धा केली. मास्टर विनायकांच्या ‘छाया’त त्या १९३६ साली दिसल्या. वि. स. खांडेकरांनी सिनेमासाठी लिहिलेली ही पहिली कथा. पुढच्याच वर्षी प्रभातचा ‘वहाँ’ आला. त्याचे दिग्दर्शक केशव नारायण काळे, म्हणजे नाट्यमन्वंतरमधलेच. त्याच वर्षी ‘जंटलमन डाकू’मध्ये त्यांनी पुरुषी पोशाख चढवून सफाईदार लुटारू रंगवली, आणि महाराष्ट्रातली पडद्यावर आलेली पहिली पदवीधर, प्रतिष्ठित घरातली स्त्री अशी त्यांची जाहिरात झाली. ती जाहिरात कोणा हुशार माणसाने केली असावी. सिनेमात बायका पाठवायला घाबरणाऱ्या समाजाला पदवी दाखवली की थोडा धीर येतो. चार मुलांचा उल्लेख त्या जाहिरातीत असण्याचे कारण नव्हते.

रणजितच्या ‘संत तुलसीदास’मध्ये, १९३९ साली, विष्णुपंत पागनीसांसोबत त्यांनी काम केले. पागनीस हे ‘संत तुकाराम’मधले तुकाराम. तो सिनेमा आल्यावर लोक त्यांना तुकोबा समजून नमस्कार करू लागले होते. आत्याचा भ्रम आणि हा भ्रम यांत आम्हाला फारसे अंतर दिसत नाही. एकाला पायावर डोके ठेवावेसे वाटते, दुसऱ्याला मांडव घालावासा वाटतो.

आणि मग बॉम्बे टॉकीज.

इथे थोडे मागे जावे लागते, कारण मालाडच्या या स्टुडिओला पडद्यावरच्या प्रेमाचा चांगलाच चटका बसलेला होता. हिमांशू राय यांनी १९३४ मध्ये ही संस्था उभी केली. त्यांची पत्नी देविकाराणी ही तिथली नायिका. ‘जवानी की हवा’ या पहिल्याच सिनेमात तिचा नायक होता नजमुल हुसेन. पुढचा ‘जीवन नैया’ सुरू असताना दोघे खरोखरच पळून गेले, थेट कलकत्त्याला. मध्यस्थ धाडून देविकाराणीला परत आणले गेले. हुसेन मात्र गेला तो गेलाच. चित्रीकरण अर्धवट, पैसे अडकलेले. आम्ही आयुष्यभर कर्जाच्या फायली पाहिल्या. असे कर्ज आमच्यापुढे आले असते तर बुडीत खात्यात टाकायची तयारी आम्ही सुरू केली असती. राय यांनी स्टुडिओच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एका लाजाळू बंगाली पोराला बोलावून नायक केले. त्याचे नाव कुमुदलाल गांगुली. पडद्यासाठी तो अशोककुमार झाला. त्याला नायक व्हायचे नव्हते, घरच्यांनाही ते नको होते. नट झाला म्हणून त्याचे ठरत आलेले लग्न मोडले होते. मालकाची बायको नायिका, आणि आधीच्या नायकाचे काय झाले ते सगळ्या स्टुडिओला ठाऊक. अशा वेळी हात धरायला तो घाबरला तर नवल काय? तरी ‘अछूत कन्या’ आला आणि देविकाराणी-अशोककुमार ही जोडी देशभर झाली. म्हणजे खरे प्रेम होते ती जोडी लोकांच्या लक्षातही राहिली नाही. जिथे नायक जीव मुठीत धरून उभा होता, ती लोकांच्या मनात बसली. प्रेक्षकाचा अंदाज किती भरवशाचा, याचे हे एक माप.

लीला चिटणीस तिथे पोहोचल्या तेव्हा स्टुडिओचे दिवस बरे नव्हते. नुकत्याच निघालेल्या सिनेमांनी फारसा हात दिला नव्हता. त्यात महायुद्ध सुरू झाले आणि दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन जर्मन असल्यामुळे इंग्रज सरकारने त्यांना अटकेत ठेवले. अशा धामधुमीत १९३९ चा ‘कंगन’ पुरा झाला. पुजाऱ्याने वाढवलेली मुलगी, जमीनदाराचा मुलगा, आणि आडवा येणारा बाप. कथा साधीच होती, पण सिनेमा धो धो चालला. कवी प्रदीप यांची गीते पहिल्यांदा ऐकू आली तीही याच सिनेमात. लगेच १९४० मध्ये ‘आज़ाद’ आणि ‘बंधन’, १९४१ मध्ये ‘झूला’. मे १९४० मध्ये हिमांशू राय वारले, तरी जोडी चालू राहिली, कारण आता लोक जोडीसाठीच येत होते.

या दोघांचे लोकांना एवढे खरे का वाटले असावे, याचा आम्ही आपल्या परीने विचार केला. एक कारण गाण्याचे. ही दोघे पडद्यावर स्वतःच्याच गळ्याने गात. आवाज कोणाचा आणि चेहरा कोणाचा, असा फरक नव्हता. तोंडून निघते ते त्याच माणसाचे, असे एकदा पटले की शब्दसुद्धा त्याच्याच मनातले वाटू लागतात. दुसरे कारण संकोचाचे. तेव्हाच्या प्रेमप्रसंगात दोघांमध्ये हातभर अंतर असे. जे करायचे ते डोळ्यांनी. लीलाबाई रंगभूमीवरून आलेल्या होत्या आणि नव्या धर्तीच्या, आरडाओरडा न करणाऱ्या नाटकातून आलेल्या. डोळ्यांनी बोलायचे कसे हे आपण लीला चिटणीसकडून शिकलो, हे अशोककुमारांनी पुढे मोकळेपणाने मान्य केले. म्हणजे आत्या ज्याला प्रेमाची नजर समजत होती, ती एका सहकाऱ्याने दुसऱ्याला दिलेली शिकवणी होती. हे तिला सांगायला हवे होते. तिने मानले नसते, ती गोष्ट वेगळी.

आता वयांचा हिशेब मांडतो. बीकॉमची सवय जात नाही. ‘कंगन’च्या वेळी लीलाबाई तीस वर्षांच्या आणि अशोककुमार अठ्ठावीसचे. तो विवाहित, ती चार मुलांची आई. स्टुडिओत दिवसभर कोवळी, पहिल्यांदाच प्रेमात पडलेली मुलगी व्हायचे आणि घरी जाऊन चौघांच्या फीचे, पुस्तकांचे, दुखण्याखुपण्याचे पाहायचे. पडद्यासमोर बसलेल्या हजारो माणसांनी तिचे मनातल्या मनात लग्न लावून टाकले होते, आणि जिच्यासाठी मांडव पडला होता ती मुलगी मुळात अस्तित्वातच नव्हती. आम्हाला या सगळ्या कथेत खरा धडधाकट पराक्रम कुठे दिसत असेल, तर तो इथे.

१९४१ मध्ये त्या लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकल्या. तोवर तो मान परदेशी नट्यांचाच होता. भारतीय नटीने ती जाहिरात करण्याची ही पहिलीच वेळ. आमच्या लहानपणी न्हाणीघरात लक्सची वडी पाहुण्यांसाठी वेगळी ठेवलेली असे. तिच्या वेष्टनावरच्या सुंदर बायकांची रांग धारवाडच्या मुलीपासून सुरू झाली, हे आम्हाला कोणी सांगितले नाही. दुसऱ्याच वर्षी ‘किसीसे ना कहना’ या सिनेमाची निर्मितीही त्यांनी केली. बाई सिनेमाची निर्माती होते, हे त्या काळी मोजक्याच ठिकाणी पाहायला मिळे.

त्यानंतर मात्र जोडी तुटली. भांडणबिंडण नाही, धंद्याचा क्रमच तसा. अशोककुमारांचा ‘किस्मत’ १९४३ मध्ये आला, त्यात नायिका मुमताज शांती. तो सिनेमा वर्षानुवर्षे चालला. लीलाबाईंच्या वाट्याला तसे यश पुन्हा आले नाही, आणि १९४८ मध्ये ‘शहीद’मध्ये त्या दिलीपकुमारची आई झाल्या. त्या एकोणचाळीस, दिलीपकुमार सव्वीस. ‘आवारा’ १९५१ चा. राज कपूरची आई. पुढे ‘गंगा जमना’, ‘गाइड’ आणि मोजता येणार नाहीत इतके. शिवणयंत्रावर वाकलेली, खोकणारी, देवापुढे हात जोडणारी हिंदी सिनेमातली आई लोकांनी त्यांच्या रूपात पाहिली. आमच्या पिढीने त्यांना ओळखले ते याच रूपात. त्या कधी नायिका होत्या हे आम्हाला आत्यामुळे कळले.

एक गोष्ट लक्षात आली की मजा वाटते आणि थोडे वाईटही. ‘शहीद’मधली दिलीपकुमार-कामिनी कौशल, ‘आवारा’तली राज कपूर-नर्गिस, या जोड्यांबद्दल बाहेर जे बोलले जाई ते निव्वळ अफवा नव्हते, पुढे त्याची कबुलीही झाली. म्हणजे चार सिनेमे जिच्या खोट्या प्रेमावर देश भुलला, ती लीला चिटणीस आता खऱ्या प्रेमाच्या दोन जोड्यांशेजारी आईचा पदर घेऊन उभी होती. आणि नर्गिसचे लग्न शेवटी कोणाशी झाले? ‘मदर इंडिया’त जो तिचा मुलगा होता त्या सुनील दत्तशी, मार्च १९५८ मध्ये. राज-नर्गिसवर पैज लावलेले आमचे कितीतरी काका-मामा तोंडघशी पडले.

आत्याची खरी पंचाईत झाली ती १९५९ मध्ये. ‘धूल का फूल’ हुबळीला लागला. नामावळीत अशोककुमार आणि लीला चिटणीस अशी दोन्ही नावे पाहून ती दोन भाच्यांना घेऊन धारवाडहून मुद्दाम गेली. तेव्हा काही ही चिगरी बस नव्हती आणि आपले नवनगरही नव्हते. मधे सगळे माळरान. सिनेमात अशोककुमार मोठा वकील. तो लग्न करतो ते माला सिन्हाशी, जी तेव्हा तेवीस वर्षांची आणि तो अठ्ठेचाळीसचा. लीला चिटणीस कोण? माला सिन्हाची दाई. मध्यंतरापर्यंत आत्या वाट पाहत बसली. नंतर काही बोलली नाही. परतीच्या बसमध्ये तिने भाच्यांना एवढेच सांगितले की त्या लोकांना कामे वाटता येत नाहीत.

आम्ही तेव्हा हा किस्सा हसण्यावारी नेत असू. आता वाटते, तिला जे बोचले ते बरोबरच होते, फक्त त्याला ती प्रेमभंग समजली. दोन वर्षांनी मोठी असलेली बाई पंचवीस वर्षांनी मोठी दिसू लागली आणि पुरुष नायकाच्या जवळच राहिला. दहा वर्षांपूर्वी, १९४९ मध्ये, याच बॉम्बे टॉकीजच्या ‘महल’मध्ये अशोककुमारसमोर सोळा वर्षांची मधुबाला होती. अशोककुमारांचा यात काही दोष नाही. ते गुणी नट होते आणि लीलाबाईंचे ऋण त्यांनी कधी लपवले नाही. पण जोडीतल्या दोघांना एकाच तराजूत तोलणारे आम्ही प्रेक्षक, जोडी मोडल्यावर दोन वेगळी वजने वापरू लागलो, हे खरे आहे. तिकिटाचे पैसे आमचेच होते.

लीलाबाई रडत बसल्याचे मात्र कुठे दिसत नाही. आईच्या भूमिकाही त्यांनी तीस वर्षांवर निभावल्या. १९५५ मध्ये ‘आज की बात’ हा सिनेमा दिग्दर्शित केला. सॉमरसेट मॉम यांच्या नाटकाचे रूपांतर करून ते रंगभूमीवर आणले. १९८१ मध्ये ‘चंदेरी दुनियेत’ हे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले, मराठीत. कोणाला ते जुन्या पुस्तकांच्या दुकानात किंवा आपल्या घरातल्या माळ्यावर सापडले तर मंडळाच्या कपाटासाठी जरूर द्यावे. पोच दिली जाईल.

मुले मोठी झाली, अमेरिकेत गेली, आणि उतारवयात त्याही तिकडे गेल्या. हे आपल्यापैकी अनेकांना वेगळे सांगायला नको. नवनगरातल्या कितीतरी घरांत संध्याकाळी फोनवर तिकडची सकाळ चालू असते. अशोककुमार १० डिसेंबर २००१ रोजी मुंबईत, चेंबूरला वारले. लीलाबाई १४ जुलै २००३ रोजी अमेरिकेत, कनेक्टिकट राज्यातल्या डॅनबरी गावी, वृद्धांच्या शुश्रूषागृहात गेल्या. वय ९३. धारवाडच्या मातीतून निघालेले माणूस किती लांब जाऊन विसावले! आमची आत्या त्याआधीच गेली होती. तिला ही बातमी कळली असती तर तिने पहिला प्रश्न काय विचारला असता, ते आम्हाला नक्की ठाऊक आहे.

येत्या महिन्यात मंडळाच्या सभागृहात ‘झूला’ दाखवायचे ठरवत आहोत. चित्र काळेपांढरे आहे, आवाज थोडा खरखरतो. सुना-नातींनी अवश्य यावे आणि ती त्याच्याकडे कशी बघते ते स्वतः पाहावे. चहा-चिवड्याची व्यवस्था आम्ही पाहू.